जिभेवरची माती

बिदरमध्ये चौबाऱ्याच्या बुरुजाकडून किल्ल्याकडे जाताना जी कारागिरांची गल्ली लागते, तिथं खैरुद्दीन उस्तादाच्या हाताइतकीच त्याच्या जिभेलाही किंमत होती. माती चाखावी ती खैरू उस्तादानंच. कुणी किल्ल्यातून नवी माती आणली की चिमूटभर कागदात बांधून आधी त्याच्याकडे यायचा. उस्ताद हातातली हातोडी खाली ठेवायचा, बोटाच्या टोकावर माती घेऊन जिभेला टेकवायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि थुंकून म्हणायचा, "चालेल." नाहीतर, "भिंतीला लाव जा."

बाहेरच्या माणसाला हा खुळेपणा वाटेल. वाटू दे. बिदरीच्या भांड्यावर कोरायला, चांदीची तार ठोकून बसवायला महिने जातात, पण ते भांडं तोवर पांढुरकं, बिनचेहऱ्याचं असतं. शेवटच्या दिवशी किल्ल्यातल्या अंधाऱ्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती नवसागरात कालवून त्यावर चोळली की धातू काळाकुळकुळीत होतो आणि चांदी त्यातून उजळून वर येते. माती चुकली तर सगळ्या मेहनतीवर पाणी. आणि माती बरोबर आहे की नाही हे या लोकांना जिभेशिवाय दुसऱ्या कशानं कळत नाही. खैरूच्या बापानं त्याला असंच शिकवलं होतं, बोटानं माती जिभेवर ठेवून. "ही," म्हणायचा, नाहीतर "ही नव्हे." झाला धडा.

त्याच जिभेच्या डाव्या कडेला एक व्रण आला आणि महिना उलटला तरी भरेना. मदीना बीनं, त्याच्या बायकोनं, तुपाचं बोट लावून पाहिलं, हळद लावून पाहिली, शेवटी रडून-भांडून त्याला हैदराबादला नेलं. तिथं जिभेची कड कापली, मानेतल्या गाठी काढल्या आणि मग दीड महिना किरणांचा शेक दिला. पानातला जर्दा मिसरूड फुटल्यापासून तोंडात होता, तो त्याच दिवशी सुटला. तपासण्या झाल्या, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता काही उरलेलं नाही.

मग काय, डॉक्टरांनी बरा म्हटलं, गल्लीनं बरा म्हटलं, नातेवाइकांनी घरी येऊन बिर्याणी खाल्ली आणि बरा म्हटलं. ज्याला बरं वाटायला हवं होतं त्याला मात्र कुणी विचारलं नाही. आणि तोही असा घुमा की आपण होऊन सांगेल तर शपथ.

खरं सांगायचं तर दुखण्यात तो इतका घाबरला नव्हता. तेव्हा हे खा, ते गिळ, इकडे झोप, तिकडे बस, यातच दिवस जायचा. घाबरला तो घरी आल्यावर. सकाळी उठला की आरसा आणि मोबाइलची बॅटरी घेऊन मोरीत जायचा, जीभ बाहेर काढून, वर करून, बाजूला ओढून बघायचा. दुपारी पुन्हा. जेवणानंतर पुन्हा. भाकरीचा कडक तुकडा लागून जरा चरचरलं तरी काळजात धस्स व्हायचं, आणि मग दोन दिवस तो कामाला बसायचा, पण छिन्नी नुसतीच हातात. तोंड कोरडं ठणठणीत. चव तर अशी गेली होती की खीर आणि कढी यांतला फरक त्याला फक्त डोळ्यांनी कळायचा.

त्याहून वाईट तो मुखवटा. शेक देताना डोकं हलू नये म्हणून दवाखान्यात गरम प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून त्याचा साचा केला होता, आणि रोज तो साचा चेहऱ्यावर चढवून टेबलाला घट्ट अडकवायचे. साचे करणं खैरूच्या हातचा मळ. आयुष्यभर त्यानं वाळूत भांडी दाबली होती. पण आपणच आत दाबले गेलो की काय होतं हे त्याला तिथं कळलं. दार बंद व्हायचं, सगळे बाहेर जायचे, यंत्र गुरगुरायचं आणि त्याला थुंकीही गिळता यायची नाही. तेव्हा त्यानं ते सोसलं. पुढे ईदच्या आधी न्हाव्याकडे गेला, न्हाव्यानं प्रेमानं गरम टॉवेल तोंडावर टाकला, आणि उस्ताद असा काही उसळून उठला की वाटी एकीकडे, खुर्ची एकीकडे. अर्धी दाढी साबणात तशीच ठेवून घरी पळत आला. न्हावी पुढे कितीतरी दिवस ती गोष्ट नक्कल करून सांगत होता, मेला. तेव्हापासून खैरूनं दाढी राखली. डावा गाल शेकानं भाजलेला, तिथं केस उगवलेच नाहीत, उजवीकडेच वाढले. लोक म्हणाले, उस्ताद आता अल्लाच्या वाटेला लागला. भीतीनं दाढी वाढवली असं सांगायचं कुणाला?

आणि माती? हुमनाबादची एक मावससासू समाचाराला आली होती, ती उठता उठता म्हणाली, "जन्मभर माती चाटलीस बाबा, मग दुसरं काय व्हायचं?" लोकांचं काय जातं बोलायला. म्हातारी बसमध्ये बसून गेली, पण ते वाक्य खैरूच्या घरात राहायला आलं. जर्दा सोडता आला होता. माती कशी सोडायची?

त्यानं सोडली, आणि कुणाला सांगितलं नाही. कुणी माती आणली की तो पहिल्यासारखंच बोट उचलायचा, पण ते खालच्या ओठापाशीच थांबायचं. जीभ दातांमागे गच्च. मग डोळे मिटायचे, थुंकल्यासारखं करायचं आणि "चालेल" म्हणायचं. बोटांना थोडंफार कळायचं, नाकाला थोडंफार कळायचं, आणि घरात बापाच्या वेळची मातीही डबाभर होती, त्यावर निभावलं. पण डबा कधीतरी संपणारच होता.

तो संपला फिरदौसच्या सुरईच्या वेळी. फिरदौस त्याची धाकटी लेक. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परत आलेली, आणि कुणी कीव करायच्या आत बापाच्या शेजारी छिन्नी घेऊन बसलेली. सुरुवातीला गल्लीनं नाकं मुरडली, मग तिच्या हातची तार बघून मुकाट्यानं सरळ केली. आजवर ती बापाच्या आराखड्यावर काम करायची. ही सुरई मात्र तिची स्वतःची. गळ्यापासून पोटापर्यंत शेवग्याच्या फुलांचे झुबके, चांदीच्या केसासारख्या तारेत. अख्खा उन्हाळा तिनं त्यावर मान मोडून काढला होता. बंगळूरूच्या प्रदर्शनाला ती जायची होती, आणि प्रथमच खाली नाव तिचं असणार होतं.

शिवशरणप्पा खैरूचा लहानपणापासूनचा भागीदार. साच्यात धातू ओतणं आणि भांडं काळं करणं त्याच्याकडे. त्यानं किल्ल्यातून नवी माती आणली, खैरूपुढे धरली. खैरूनं बोट उचललं, डोळे मिटले आणि म्हणाला, "चालेल."

शिवशरणप्पानं मंद आचेवर सुरई तापवली, लेप चोळला, धुतली. सुरई चुलीतल्या राखेसारखी निघाली होती, पोटावर फिकट डाग, गळ्यापाशी तर पिवळट झाक. फुलं त्यात बुडून गेली होती. त्यानं दुसऱ्यांदा चोळली. तेच.

"खैरू, माती तूच चाखलीस ना?" शिवशरणप्पानं विचारलं.

"मग काय तुझ्या आजोबांनी?" खैरू वसकन ओरडला.

फिरदौस सुरईकडे बघत नव्हती. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. मग ती पुढं झाली, वाडग्याशेजारच्या कोरड्या मातीतली चिमूट उचलली आणि जिभेकडे नेली. खैरूनं तिच्या हातावर असा फटका मारला की माती तिच्या डोळ्यांत उडाली. त्यानं पोरीवर कधी हात उगारला नव्हता.

"तोंडात घालायची नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज ऑपरेशनपासून जड झाला होता, आता तर शब्द नीट फुटेनात. "ही माती या घरात कुणीच तोंडात घालायची नाही."

"का? तुम्ही घातलीत ना?"

"नाही घातली. दवाखान्यातून आल्यापासून एकदाही नाही."

शिवशरणप्पानं हातातलं फडकं खाली ठेवलं. शिव्या द्यायचा हक्क त्याला होता, आणि दिल्या असत्या तर कुणी वाईट मानलं नसतं. पण तो म्हणाला, "मी जरा चहाचं बघतो," आणि चपला घालून गल्लीत निघून गेला. असा मित्र असावा माणसाला.

फिरदौस डोळे पुसत म्हणाली, "मला ठाऊक होतं, अब्बा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही आरसा घेऊन मोरीत गेलात की अम्मी उगाच भांडी वाजवत बसते, आम्हाला कळतंय हे तुम्हाला कळू नये म्हणून. गेलं वर्षभर या घरात भाजीला मिरची नाही, तुम्हाला एकट्याला वेगळं वाटू नये म्हणून." ती थांबली. "आणि तुम्ही आरसा ठेवलात की मी घेते. रोज. मी पण जीभ काढून बघते. परवा एक फोड दिसला तर पहाटेपर्यंत झोपले नाही."

खैरू ओसरीच्या कडेला बसला. त्याला वाटत होतं, आपली भीती आपण मोरीचं दार लावून आत कोंडून ठेवली आहे. ती तर केव्हाच बाहेर येऊन घरभर फिरत होती, पोरीच्या अंथरुणाशी बसत होती. बापानं त्याला जीभ दिली होती. आपण लेकीला काय देतोय हे त्या दिवशी त्याला दिसलं, आणि तो ढसाढसा रडला. मदीना बी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडली. फिरदौस मात्र रडली नाही. तिनं राखाडी सुरई फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिली. प्रदर्शन गेलं.

त्या वेळी तपासणीची तारीख टळून गेलेली होती. डॉक्टरीणबाई रजेवर आहेत अशी थाप त्यानं घरात मारली होती. दुसऱ्या आठवड्यात त्यानं स्वतः फिरदौसला सांगितलं की चल, आणि बापलेक सकाळच्या गाडीनं हैदराबादला गेले. दवाखान्याच्या दारातला औषधाचा वास आला तशी त्याला ओकारी आली, फिरदौसनं पाठीवरून हात फिरवत त्याला बाकावर बसवलं.

डॉक्टर सुहासिनी तेलुगू बाई, बोलायला तुटक. त्यांनी तोंडात बघितलं, मान चाचपली, म्हणाल्या की सगळं स्वच्छ आहे, चार महिन्यांनी या. दर वेळी खैरू इथंच उठायचा. या वेळी उठला नाही.

"बाई," तो म्हणाला, "मला हे मातीनं झालं का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं विचारून घेतलं. किती माती, किती वेळ, गिळायचात का थुंकायचात, आणि जर्दा कधीपासून. मग म्हणाल्या, "जर्द्यानं झालं. तेवढं कारण पुरेसं होतं. मातीनं असं होतं हे मी कुठं वाचलेलं नाही. पण ती अगदी निर्धोक आहे असंही मी लिहून देणार नाही. टेकवायचीच असली तर जराशी टेकवा, थुंका, चुळा भरा. आणखी काही?"

खैरूनं फिरदौसकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "भीती वाटते. माझी मलाच लाज वाटते."

बाई म्हणाल्या की या बाकांवर बसलेल्या बहुतेकांना वाटते, फक्त सांगत कुणी नाही. खाली तळमजल्यावर एक बाई याच कामासाठी बसतात, त्यांना भेटून जा. खैरू एकदम ताठ झाला. "मी वेडा नाहीये."

"वेडे असता तर तळमजल्यावर पाठवलं नसतं, दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं असतं," बाई म्हणाल्या आणि पुढचा नंबर बोलावला.

खालच्या बाईनं बोलणं कमी केलं, ऐकलं जास्त. मुखवट्याची गोष्ट खैरूनं आयुष्यात पहिल्यांदा तिला सांगितली, आणि सांगताना मध्येच श्वास अडकला तर ती घाई न करता बसून राहिली. मग फिरदौसलाही आत बोलावलं. आरशाचं असं ठरलं की दिवसातून एकदा, सकाळी, मोरीचं दार उघडं ठेवून. फिरदौसनं अजिबात नाही. आणि ओला रुमाल स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडावर ठेवायचा, नको झालं की स्वतःच काढायचा. पहिल्या दिवशी त्याला तो नाकापर्यंतही नेता आला नाही. मदीना बी समोर बसून म्हणाली, "अहो, रुमाल आहे, वाघ नाही." त्याला हसू आलं, आणि हसता हसता रुमाल एकदा तोंडाला लागून गेला.

त्याला बरा झाला म्हणू नका. तपासणीचे दिवस जवळ आले की अजून त्याला अन्न जायचं नाही. आरशाचा नियम मोडायचा, मग चोरासारखं तोंड करून तो स्वतःच फिरदौसला सांगायचा. तीही कधीकधी मोडायची आणि सांगायची. पण सांगायची, हे महत्त्वाचं. गल्लीतल्या लोकांनाही त्यानं सांगून टाकलं की माझी जीभ आता माती चाखत नाही, दुसरा कुणी बघा. दोघा-तिघांनी हळहळ केली, एकानं मागं टोमणा मारला की उस्तादाची दुकानदारी संपली. शिवशरणप्पानं त्या टोमणेवाल्याला काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी खैरू आपणहून म्हणाला, "फिरदौस, किल्ल्यात जाऊ. पाण्याच्या बाटल्या घे."

किल्ल्याच्या मागच्या अंगाला एक बुजलेली जुनी कोठडी आहे, वाकून शिरावं लागतं. आत कोरडा गारवा. खैरूनं भिंतीच्या पायथ्याची माती उकरून बोटावर घेतली. बोट ओठापाशी आलं आणि सवयीनं थांबलं. त्यानं तसंच थांबून दोन-चार श्वास घेतले आणि माती जिभेला टेकवली.

काही नाही. नुसती कचकच. ज्या जिभेनं कोणत्या भिंतीची माती हे सांगितलं असतं, ती मुक्यानं पडून राहिली. कितीही वाट पाहिली तरी काही येईना. त्याला वाटलं होतं की भीती गेली की चव परत येईल, तेवढी एक आशा त्यानं कुणाला न सांगता जपून ठेवली होती. ती तिथं संपली. तो थुंकला, त्यानं चुळा भरल्या आणि अंधाराकडे तोंड फिरवलं.

"अब्बा?"

"गेली बेटा. माझी गेली ती गेलीच." त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. सुरई बिघडवणारी माती त्यानं फेकली नव्हती. "ही चुकीची. आधी ही बघ, म्हणजे फरक कळेल. जराशीच. आणि थुंक."

फिरदौसनं चाखली, थुंकली, चुळा भरल्या. मग तिनं भिंतीच्या पायथ्याची माती घेतली. खैरूच्या हाताची बोटं आपोआप वळली, हातावर फटका मारायला निघाल्यासारखी. त्यानं दोन्ही हात मागं बांधून घेतले. कोठडीच्या तोंडातून येणाऱ्या उजेडात त्याला लेकीची जीभ दिसली, गुलाबी, धडधाकट, आणि तिच्या टोकावर ती काळपट माती. मुखवट्याखालीही त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

तिनं डोळे मिटले. उघडले. "ही नव्हे," ती म्हणाली. "पुडीतल्यासारखीच लागते, बुळबुळीत."

खैरूच्या बोटांना ती माती चांगली वाटली होती. तरी त्यानं बोटं झटकली. दोघं आत सरकली, जिथं छत खाली आलं आहे. तिथली माती तिनं घेतली, आणि या वेळी तिला बराच वेळ लागला.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"आधी खारट. मग जीभ आवळल्यासारखी होते. आणि शेवटी गार लागतं, धातू चाटल्यासारखं." ती थुंकली, बाटलीतल्या पाण्यानं पुन्हा पुन्हा चुळा भरल्या आणि ओढणीनं तोंड पुसलं. "ही, अब्बा. ही घेऊ या."

आजवर सगळ्या गल्लीनं त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला होता, पुरावा न मागता. दुसऱ्याच्या जिभेवर विसंबून राहायला काय लागतं हे कळायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. "नक्की का?" हा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला. तोंड उघड, बघू दे, हेही आलं. त्यानं दोन्ही गिळले. मग गुडघे टेकून तो खाली बसला, पिशवीचं तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी माती भरायला लागला. त्यानं तिला पुन्हा विचारलं नाही.